साहेबांनी सांभाळून घेतलं

आमच्या घरात तीन वर्षं एक वाक्य महिन्यातून चारदा तरी ऐकू यायचं. आमचे हे संध्याकाळी भाईंदरहून मीरा रोडला घरी यायचे, चपला काढायचे आणि पाण्याचा तांब्या हातात घेता घेता म्हणायचे, "आज चेक जरा जास्तीचा गेला होता. साहेबांनी सांभाळून घेतलं." आणि मी स्वयंपाकघरातून म्हणायचे, "देवमाणूस हो." हे मी म्हटलेलं आहे, अनेकदा म्हटलेलं आहे, त्यामुळे पुढे जो काही संताप येईल त्यातला निम्मा माझ्यावरचा समजावा.

साहेब म्हणजे भाईंदरच्या एका सहकारी बँकेचे मॅनेजर. ह्यांची कंपनी बंद पडली तेव्हा सव्वीस वर्षांच्या नोकरीचा फंड हातात आला. त्यातून ह्यांनी भाईंदर पूर्वेला एक गाळा भाड्याने घेतला आणि प्रेसचं एक मशीन विकत घेतलं. स्टीलच्या डब्यांना बाजूला ज्या कड्या असतात ना, त्या ते बनवायचे. बँकेने पन्नास हजारांचा ओव्हरड्राफ्ट मंजूर केला होता. खात्यात पैसे नसले तरी तेवढ्यापर्यंत उचलायचे आणि मालाचे पैसे आले की भरायचे. पण डबे बनवणारे कारखानदार पैसे द्यायचे तीन-तीन महिन्यांनी आणि पत्र्याच्या व्यापाऱ्याचा चेक जायचा आधी. मग पन्नासाचे बावन्न व्हायचे, चोपन्न व्हायचे. तेव्हा साहेब चेक परत पाठवायचे नाहीत, पास करायचे.

त्यातून साहेब निघाले रत्नागिरीकडचे. आमच्या गावापासून दोन गावं सोडून त्यांचं गाव. हे कळलं त्या दिवशी ह्यांना लॉटरी लागल्याइतका आनंद झाला होता. तेव्हापासून आमच्याकडून बँकेत काय काय गेलं असेल! कुळथाचं पीठ, आमसुलं, मे महिन्यात आंब्याची पेटी. एका वर्षी तर ती पेटी मांडीवर घेऊन शेअर रिक्षात मीच बसले होते, बाजूच्या दोघांची बोलणी खात. साहेब संकोचून म्हणाले, "वहिनी, कशाला हा त्रास?" पेटी मात्र ठेवून घेतली. आम्ही दोघं धन्य होऊन परत आलो.

दर तीन महिन्यांनी बँकेचं लांबट पाकीट पोस्टाने यायचं. त्यात खात्याचा उतारा असायचा. हे पाकीट न फोडता टीव्हीखालच्या खणात टाकायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "आपल्या माणसाचा हिशेब तपासायचा? त्याला कळलं तर काय वाटेल?" आणि मला ते पटलं. अंधेरीच्या एका ऑफिसात मी अकाउंट्सला होते. दहा रुपयांच्या रिक्षाच्या व्हाउचरवर सही नसली तर मी साहेबलोकांनासुद्धा परत पाठवायचे. माझ्या टेबलाला लोक टरकायचे. तीच मी, घरात पाकिटांची चळत वाढत होती आणि वर फडकं मारून खण बंद करत होते. खरं सांगायचं तर मला "आमचा भाईंदरला गाळा आहे" असं म्हणायला आवडत होतं. पाकीट फोडून त्यावर विरजण कशाला घाला?

मग साहेबांची बदली झाली. महिनाभरातच एका रविवारी सकाळी दाराची बेल वाजली. पाण्याचा टँकर आला असेल म्हणून मी बादली घेऊनच दार उघडलं, तर समोर पत्र्याचे व्यापारी. पांढरा सफारी, कपाळावर घाम, हातात एक छोटी चिठ्ठी. चेक परत आल्याची.

"भाभीजी, बुरा मत मानना," ते बसायलाही तयार नव्हते. "तीन साल में पहली बार हुआ, इसलिए घर पे आया. मार्केट में किसी को बोला नहीं. लेकिन चौदा हजार का मामला है. आठ दिन रुकता हूँ."

ह्यांचा चेहरा उतरला. "बँकेकडून काहीतरी चुकलं असेल, साहेब असते तर..." असं काहीतरी ते पुटपुटले. व्यापारी खाली मान घालून चहा न पिता गेले. मी बादली तिथेच ठेवली आणि टीव्हीखालचा खण ओढून सगळी पाकिटं जमिनीवर ओतली.

एकेक पाकीट फोडून उतारे वाचत गेले. व्याज होतं, ते ठीक, ते ठाऊक होतं. पण साहेबांनी जेव्हा जेव्हा सांभाळून घेतलं होतं, तेव्हा तेव्हा त्या तारखेसमोर चाळीस रुपये होते. लिमिटपेक्षा जास्त उचलल्याचा आकार. कधी एका आठवड्यात तीनदा. त्याच्या खाली जादा रकमेवरचं दंडव्याज. मी लेकीच्या वहीतलं पान फाडून बेरीज केली, ती सात हजार दोनशेच्या वर गेली. व्याज सोडून. माझा तीन महिन्यांचा पगार. आम्ही ज्याला उपकार म्हणत होतो त्याचं दर खेपेला बिल लागत होतं आणि वर आम्ही आंबे पोचवत होतो.

साहेब खोटं बोलले नव्हते. फुकट पास करतो असं ते कधी म्हणालेच नव्हते. आम्हीच तसं धरून चाललो होतो. पण त्या दिवशी मला हे सुचलं नाही. मी ह्यांच्यावर तुटून पडले. "तीन वर्षं पाकीट फोडायला काय झालं होतं?" हे गप्प. "मला तरी द्यायचंत!" हे फोडलेली पाकिटं गोळा करत राहिले. त्यांची ती गप्प बसायची रीत मला आयुष्यभर सहन झालेली नाही.

दुपारपर्यंत बाकीचं बाहेर आलं. बँकेचे चोपन्न हजार. व्यापाऱ्यांचे चौदा. भाईंदरच्या एका पतपेढीचे बारा, ज्यांचा माणूस रोज गाळ्यावर येऊन वीस रुपये न्यायचा. हे मला माहीतच नव्हतं. शिवाय फ्लॅट घेताना मी ऑफिसच्या क्रेडिट सोसायटीतून काढलेल्या कर्जाचे नऊ उरले होते. नव्वदला एक कमी. परळची खोली विकून आणि ते कर्ज काढून आम्ही मीरा रोडचा हा दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला होता. लेक आठवीत होती. आतल्या खोलीत ती पुस्तक समोर धरून बसली होती, पण पान उलटल्याचा आवाज येत नव्हता.

मंगळवारी मी रजा टाकली आणि दोघं बँकेत गेलो. नवे मॅनेजर वयाने लहान होते, पण बोलायला स्वच्छ. त्यांच्याकडे उपाय तयार होता. "सगळी देणी एकत्र करून टाकू या. फ्लॅट तारण ठेवा, नव्वद हजारांचं एकच कर्ज देतो. सात वर्षं, महिन्याला अठराशे. व्यापारी, पतपेढी, सोसायटी, सगळे मोकळे. ओव्हरड्राफ्टची लिमिट धंद्यासाठी चालू राहील."

ह्यांच्या चेहऱ्यावर तीन दिवसांनी रंग आला. आत्ता आमचे सगळे मिळून महिन्याला दोन हजारांच्या वर जात होते. इथे अठराशेत काम होत होतं. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "बघ, म्हटलं होतं ना, होईल काहीतरी."

मी मनात गुणाकार करत होते. अठराशे गुणिले चौऱ्याऐंशी महिने. एक लाख एक्कावन्न हजार दोनशे. आणि रिकामी झालेली लिमिट पुन्हा उघडीच! दोन वर्षांत ती पुन्हा भरली असती, आणि तेव्हा खाली फ्लॅटही राहिला नसता. माझा पारा चढला. "हे ह्यांचं कर्ज आहे," मी म्हटलं. "मला विचारून काढलेलं नाही, मला दाखवलेलं नाही. माझं घर मी त्यात का घालू?"

मॅनेजरनी फाइल उघडली आणि माझ्याकडे फिरवली. दर मार्चमध्ये खात्याची बाकी मान्य असल्याचं पत्र बँक लिहून घेते. कर्जदाराची सही, खाली जामीनदाराची सही. जामीनदार मी होते. तीन वर्षांची तीन पत्रं, रक्कम आकड्यात आणि अक्षरात, आणि तिन्हींवर माझी सही. खाली रेघ मारलेली, वळणदार, ऑफिसात व्हाउचरवर करते तशीच.

मला आठवलं. सकाळची घाई, गॅसवर दूध, आणि ह्यांनी कागदावर बोट ठेवून म्हटलेलं, "इथे कर, बँकेचं आहे." मी हात पुसून केली होती. एक ओळ वाचली नव्हती. ह्यांना मी दोन दिवस फाडून खात होते आणि माझी सही तिथे तीन वर्षं बसून होती. त्या केबिनमध्ये मला इतकी लाज वाटली की समोरचा चहा उचलायला हात धजेना. हे मात्र माझ्याकडे बघत नव्हते. त्यांनी मुद्दाम खिडकीकडे तोंड केलं होतं.

"शनिवारपर्यंत सांगते," एवढंच मी म्हणू शकले.

आम्ही घरी आलो. दार लागल्यावर मी म्हटलं, "मशीन विकू या."

"काय?"

"मशीन विकायचं, गाळ्याचं डिपॉझिट परत घ्यायचं. बँकेचे चोपन्न फिटतात. लिमिट बंद. बाकीच्या पस्तीससाठी मी ऑफिसच्या सोसायटीतून नवं कर्ज काढते. माझ्या पगारातून कापतील. एकच हप्ता, आणि घर मोकळं."

"वेडी आहेस का तू? मशीन विकून मी करायचं काय? सव्वीस वर्षं आहेत गं त्यात माझी!" त्यांचा आवाज मी इतका चढलेला कधी ऐकला नव्हता. "बँक देतेय ना? मी फेडतोय ना? आणि आता मोठी शहाणी झालीस, सह्या तूच केल्यास ना?"

"केल्या," मी म्हटलं. "म्हणूनच ही करणार नाही."

ते गाळ्यावर निघून गेले. बुधवार, गुरुवार आम्ही एकमेकांशी लेकीच्या मार्फत बोललो. "बाबांना विचार जेवणार का." "आईला सांग भूक नाही." जीव टांगणीला लागला होता. रविवारी व्यापाऱ्यांना काय सांगायचं, हे बँकेत जाऊन सह्या करून मोकळे झाले तर काय? फ्लॅट दोघांच्या नावावर असल्याने माझ्याशिवाय ते होणार नाही हे माहीत असूनही मी फ्लॅटचे कागद ठेवलेल्या कपाटाची किल्ली पर्समध्ये घेऊन ऑफिसला जात होते. नवऱ्यापासून कागद लपवण्याची वेळ आली, हे मला आत कुठेतरी फार लागत होतं. सोसायटीचा फॉर्म मी भरून ठेवला. दोन सहकाऱ्यांनी कारण न विचारता जामीन म्हणून सह्या दिल्या. मी त्यांना म्हटलं, "आधी वाचा." ते हसले, आणि न वाचताच सही केली.

शुक्रवारी हे दुपारीच घरी आले. मी ऑफिसातून आले तेव्हा हात-पाय धुऊन बसलेले होते. "गिऱ्हाईक मिळालं," म्हणाले. "पंचेचाळीस देतोय. उद्या उचलणार." मी म्हटलं, "मी येऊ?" तर म्हणाले, "नको. तू तिथे येऊ नकोस." त्या दिवशी मी पहिल्यांदाच त्यांच्यापुढे रडले. ते उठून माझ्यासाठी पाणी घेऊन आले आणि ग्लास हातात देऊन गॅलरीत जाऊन उभे राहिले. जिंकल्यासारखं मला क्षणभरही वाटलं नाही.

शनिवारी मशीन गेलं. सोमवारी गाळ्याचं डिपॉझिट धरून बँकेत पैसे भरले, उरलेले कोरे चेक ह्यांनी स्वतः मॅनेजरच्या टेबलावर ठेवले आणि लिमिट बंद केल्याच्या पत्रावर सही केली. सोसायटीचे पैसे यायला आणखी दहा दिवस लागणार होते. व्यापारी थांबले. इतकंच नाही, त्यांनी ह्यांना विचारलं, "गोडाउन पे भरोसे का आदमी चाहिए. आप आओगे?" ज्यांच्याकडून ऐटीत पत्रा घ्यायचा, त्यांच्याच गोडाउनमध्ये पत्रा मोजून द्यायला उभं राहायचं. मला वाटलं, हे नाही म्हणतील. पुढच्या सोमवारपासून येतो म्हणाले.

पुढच्या महिन्यात माझ्या पगाराच्या कागदावर कपातीचा मोठा आकडा दिसला. सात तारखेला ह्यांचा पगार झाला. संध्याकाळी आले, खाकी पाकीट माझ्या हातात दिलं. मी नेहमीसारखी ते देवापुढे ठेवायला वळले.

"थांब. आधी मोजून घे."

"अहो, तुम्हीच आणलेत ना? मोजायचंय काय त्यात?"

"मोज."

मी उभ्या उभ्या मोजायला लागले. शंभराच्या अकरा, पन्नासाची एक. डोळे भरून आल्यामुळे मधेच आकडा चुकला, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. ते समोर उभे राहून एकेका नोटेकडे बघत होते. अकराशे पन्नास झाले, ते मी त्यांना मोठ्याने सांगितलं. मग त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "आता ठेव."