मशीनला लावलेली सवय

…तर लिही पुढं. मी बोलते तसंच लिही, शहाणपणा करून सुधारू नकोस. तर तुझी आत्या. मूळची कागदावर रेघा ओढणारी. आता कॉम्प्युटरवर इमारतींचे नकाशे काढते. पण एकच काम दोनदा करायचं म्हटलं की कपाळाला आठ्या! आणि ऑफिसात रोज नकाशा उघडला की तेच ते. अक्षरं मोठी करा, भिंतींची रेघ जाड करा, मापं नीट लावा. शेवटी तिनं मशीनसाठी एक यादीच लिहून ठेवली: नकाशा उघडला रे उघडला, की कुणी न सांगता आधी हे सगळं उरकायचं. आपले नाही का, डोळे उघडायच्या आत पाय चपला शोधतात, तसं. ऑफिसातल्या पाचही मशीनांना तिनं ही सवय लावून दिली.

त्या यादीत शेवटी एक ओळ होती. नकाशा म्हणजे म्हणे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद. एकावर भिंती, एकावर नळ, एकावर शेरे, म्हणजे इंजिनिअरनं लिहिलेल्या सूचना. शेऱ्यांची गर्दी तिच्या डोळ्यांत खुपायची. म्हणून ओळ लिहिली: शेऱ्यांचा कागद बाजूला ठेव, पडद्यावर दाखवू नकोस. लिहिली, आणि सात वर्षांत साफ विसरली.

मग दवाखान्याचं काम आलं. नकाशा केला चष्मेकाकांनी. भिंगं जाड, म्हणून चष्मेकाका. आत्याला काम शिकवलं ते त्यांनीच. सुतारानं बाथरूमची अकरा दारं बसवली, आणि इंजिनिअर तणतणत ऑफिसात आला. "दारं आत उघडतायत! आजारी माणूस आत पडला, दाराला टेकला, तर बाहेरचा उघडणार कसा? नकाशावर मी शेरा लिहून पाठवला होता, बाहेर उघडू देत म्हणून!"

"कागदावर आत, म्हणून आत," मागून आलेला सुतार म्हणाला. "मला काय स्वप्न पडणार होतं?"

काकांनी नकाशा उघडला. शेरा नाही. पडद्याला नाक लावलं. तरी नाही. इंजिनिअरनं आपल्या लॅपटॉपवर स्वतःकडची प्रत उघडली. शेरा लालभडक, हा एवढा!

"म्हणजे डोळे गेले माझे," काका एवढंच म्हणाले. चष्मा पुसला, डबा पिशवीत घातला, आणि घरी गेले ते गेलेच.

आत्या दोन्ही पडद्यांकडं आळीपाळीनं बघत राहिली. दोन मशीनांत फरक तो कसला? आणि मग आठवलं, ऑफिसातल्या पाचही मशीनांवर आहे आणि इंजिनिअरच्या लॅपटॉपवर नाही, असं एकच. यादी! तिचीच ओळ.

साहेबांपुढं जाऊन उभी राहिली. "चूक माझी. सात वर्षांपूर्वीची."

"अगं, तुला कुणी काही म्हणालं का?"

"नाही ना. म्हणूनच आले."

दारं उलटी फिरवली. सुतारानं दर दारामागं एक टोमणा मारला, तिनं अकराच्या अकरा मुकाट ऐकले. यादीतली ती ओळ काढली आणि दुसरी घातली. आता नकाशा उघडला की मशीन आधी विचारतं, 'शेरे वाचले का?' हो म्हणेपर्यंत जागचं हलत नाही. बाकीचे कुरकुरतात, "ताई, ही तर सासूच आणून बसवलीत!" आत्या बसू दे म्हणते. मी पण म्हणते, बसू दे.

पण काकांचं काय? आत्या तीनदा त्यांच्या घरी जाऊन आली. ते आपले हसतात. "माझी समजूत काढायला यादीबिदी रचतेस होय गं? गुणाची पोर." केसाएवढी रेघ कधी चुकली नाही त्या माणसाची, आणि आता पेपरसुद्धा बहिणीकडून वाचून घेतो.

म्हणून हे लिहून घेतेय. आत्याचं त्यांना पटत नाही, तर माझं काय पटणार. पण वाचणाऱ्यांपैकी कुणी त्यांच्या गल्लीतलं असेल, तर एवढा निरोप द्या बाबांनो: काका, डोळे चांगले आहेत तुमचे. तुमच्यासमोर तो शेरा नव्हताच.