यान चालू हाय का?

कुठल्याही नव्या घरात गेला की कप्तान उंबऱ्याच्या आत एक पाऊल टाकून थांबायचा आणि डोळे मिटायचा. घरातली माणसं "या, बसा" म्हणत असायची आणि हा मान जराशी वाकडी करून तसाच उभा. मग डोळे उघडून सांगायचा, "फ्रीज चालू हाय. वरची टाकी भरतीया. पंख्याचं बेरिंग जायला आलंय तुमच्या." एवढं झालं की मग खुर्चीत बसायचा. माझ्या बायकोला पहिल्यांदा वाटलं, मी पंखा दुरुस्त करणारा माणूस घेऊन आलो आहे. तिनं त्याला स्टूलही आणून दिलं.

आम्ही हसायचो. पण ती गंमत नव्हती हे मला पुष्कळ उशिरा कळलं. घर कशावर चालू आहे हे समजल्याशिवाय त्या माणसाला खरोखरच बसता येत नव्हतं.

"मी लय भित्रा माणूस हाय, लेखक," तो म्हणायचा. "म्हणून तर माझ्या यानातली माणसं जगत्यात."

कप्तान हे त्याचं कारखान्यातलं नाव. साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत तो ड्राफ्ट्समन होता, आणि चहाच्या सुट्टीत रद्दी ड्रॉइंगच्या मागच्या बाजूला अंतराळयानं काढायचा. मी सरकारी कचेरीतला कारकून. घरच्या मागच्या खोलीत खिडकीला गोधड्या बांधून, मोबाईलवर ऐकायची एक अंतराळकथा मी रेकॉर्ड करायचो. ताऱ्याताऱ्यांतली युद्धं, राजघराणी, पळून निघालेली माणसं, असा सगळा मसाला. चहाच्या टपरीवर मी पुढचा भाग कुणाला तरी रंगवून सांगत होतो, तेव्हा शेजारच्या बाकड्यावरून हा म्हणाला, "कागद हाय का त्येचा? द्या बघू."

त्यानं तो सबंध भाग चहा निवेपर्यंत वाचला आणि विचारलं, "हे यान हाय का मंगल कार्यालय?"

माझ्या यानात काचेचा भलामोठा दिवाणखाना होता, उंच खुर्ची होती, संगमरवरी जिने होते. त्याचं म्हणणं एवढंच, की तीनशे माणसं वर्षानुवर्षं ह्यात राहतात, तर ह्यांची धुणी कुठं वाळतात? एकाला खोकला झाला तर त्याचा खोकला किती खोल्यांत ऐकू जातो? आणि आवाज खाली आणून, "माणूस मेलं तर ठेवायचं कुठं? बाहीर टाकलं तर खिडकीतनं दिसत ऱ्हाईल की." त्या दुपारी कचेरीत माझं लक्ष लागलं नाही. मी लिहिलेल्या यानात पहिल्यांदाच कुणीतरी राहायला आलं होतं, आणि मला त्याची भीती वाटली होती.

तो मूळचा आटपाडीकडचा. वडील-आजोबा मेंढरं घेऊन रानोमाळ फिरणारे. लहानपणी वर्षातले कितीतरी महिने ह्याचा मुक्काम कुणाच्या तरी मोकळ्या शेतात. मुक्कामाची मांडणी ठरलेली: मध्ये पोरं, त्यांच्या भोवती बाया, जाळीच्या कुंपणात मेंढरं, आणि घरातलं सगळ्यांत म्हातारं माणूस अगदी कडेला, वाऱ्याच्या बाजूला. त्या जाळीला वाघर म्हणतात. पुढे माझ्या कथेचं यान तोच काढू लागला, आणि आमच्या यानाचं नाव त्यानं तेच ठेवलं. 'वाघर'मध्ये पोरांच्या खोल्या पोटात होत्या आणि सर्वांत वयस्कर माणसाचं अंथरूण यानाच्या बाहेरच्या पत्र्याला लागून. मी म्हटलं, अरे, म्हाताऱ्यांना सुरक्षित ठेवतात. तो म्हणाला, "म्हाताऱ्याची झोप कच्ची असती, गड्या. पत्र्याला कान लावून त्येनंच पडायचं."

ऐकण्याचा धडाही तिथलाच. मेंढरं बसल्या जागी रवंथ करत असतात, तो आवाज अंथरुणात येत राहतो आणि त्यावर पोरं झोपतात. लांडगा आला तर त्याच्या पावलांचा आवाज होत नाही. रवंथ थांबतं. "आवाज आला म्हणून भ्यायचं न्हाई," कप्तान सांगायचा, "आवाज थांबला म्हंजी भ्यायचं. आमचा आजा भर झोपेतनं उठून बसायचा, काय झालं म्हणून न्हाई, काय हुईना म्हणून."

नवा ग्रह रचायचा झाला की मी आकाशात किती चंद्र आहेत इथून सुरुवात करायचो. त्याचा प्रश्न वेगळा असे: "तिथली आई पोराला कशाची भीती घालती?" त्याचं उत्तर मिळेपर्यंत तो पेन्सिल उचलायचा नाही. एका ग्रहावर वारा सुटला तरी आवाज होत नाही, फक्त दोरीवरचे कपडे हलतात, म्हणून तिथल्या आया दारात कायम एक फडकं टांगून ठेवतात आणि पोरांना म्हणतात, फडकं हललं की आत ये. हा भाग गेला आणि पलूसहून माझ्या मेहुणीचा फोन आला. "भावजी, पोरगं मोरीत एकटं जाईना झालंय. टॉवेल वाळत घातला की रडतंय. काय लिवताय काय तुमी?" कप्तानला सांगितलं तर तो इतका खूश झाला की त्यानं टपरीवर सगळ्यांना चहा पाजला.

त्याचं सगळंच बरोबर असायचं असं मुळीच नाही. इंजिन कसं चालतं यात त्याला काडीचा रस नव्हता, ते मलाच कुठून कुठून वाचून भरावं लागे. यानातल्या वाटा तो इतक्या अरुंद करायचा, की राजकन्येचं लग्न मला धान्याच्या कोठारात लावावं लागलं. आणि कुत्रं पाहिजेच हा हट्ट. "अंतराळात कुत्रं काय करणार?" या माझ्या प्रश्नाला "तुझा राजा तरी काय करतोय?" असं उत्तर आलं. कुत्रं राहिलं.

'वाघर'चा आवाज शोधायला आम्ही एका रविवारी एसटीनं पलूसला गेलो. तिकडे बेदाण्याची कोल्ड स्टोरेजं आहेत. बाहेरून भिंतीला कान लावला की आतल्या यंत्राची घरघर कानापेक्षा दातांत जास्त ऐकू येते. कप्तान एकेका भिंतीला कान लावत हिंडला. तिसऱ्या इमारतीचे राखणदार चाचा बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, "आत बेदाणा हाय बाबा, भूत न्हाई."

"भूतच पायजे, चाचा," कप्तान म्हणाला, "पण चालू असल्यालं." आणि मला म्हणाला, "लेखक, ह्यो. ह्यो धर. ह्यो बंद पडला की समदी मेली."

मी मोबाईल भिंतीला टेकवून तो आवाज घेतला. त्यानंतर प्रत्येक भागात, माणसं बोलत असोत, भांडत असोत, ती घरघर खाली चालू असायची. ती ठेवल्यापासून ऐकणारी माणसं कळवू लागली, की खरंच आत बसल्यासारखं वाटतं. कारण त्यांना सांगता येत नव्हतं.

पुढचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

एकदा साताऱ्याच्या स्टँडवर आम्ही उभे होतो. मागून एसटी रिव्हर्स येत होती, हॉर्न वाजत होता, कंडक्टर ओरडत होता, आणि कप्तान जागचा हलला नाही. मी त्याला शर्टाला धरून ओढलं. बस त्याच्या जागेवरून गेली. त्यानं बसकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याच्या ओठांना रंग नव्हता. "डायवर नवा दिसतोय," तो म्हणाला. मीही "हो, नवाच असेल" म्हणालो.

मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, कान चाललेत. कारखान्यातल्या प्रेसच्या दणक्यानं की कशानं ते नक्की सांगता येणार नाही, पण परत येणार नाहीत. कानाला लावायच्या यंत्रानं बोलणं थोडंफार कळेल. बारीक, खालचे आवाज मात्र गेलेच. तिथून परत येताना तो एकच बोलला. "आता मी झोपू कसा?"

त्यानंतर त्याच्या घरी गेलो की तो जमिनीवर बसलेला असायचा, एक तळवा फरशीवर उपडा ठेवून. शेजारच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा फिरतोय एवढं त्याला हातात कळायचं. बोलताना मध्येच थांबून बायकोला विचारायचा, "फ्रीज?" वहिनी म्हणायच्या, "हाय चालू." "टाकी?" "भरतीया, आवं." आठ वर्षांची पोरगी शाळेतून यायला जरा उशीर झाला तर तो दाराच्या चौकटीला हात लावून उभा राहायचा. पूर्वी ती त्याला कोपऱ्यावरून ऐकू यायची.

आणि मला तो म्हणाला, "यानाचा कान आता तू. मी काढतो, तू आईक. फकस्त खोटं सांगू नगंस." प्रत्येक भाग झाला की त्याचा एकच प्रश्न मोबाईलवर लिहून यायचा: यान चालू हाय का? मी लिहायचो: चालू आहे.

दिवाळीच्या सुमारास मी रेकॉर्डिंगसाठी नवीन ॲप घेतलं. मागचा खरखराट, कुत्री, रिक्षा सगळं ते आपोआप पुसून टाकतं. त्यानं पलूसची घरघरही पुसली. त्याला तो कचराच वाटला. माझ्या लक्षात आलं तोवर दोन भाग गेले होते, आणि कुणी तक्रार केली नव्हती. उलट लोकांनी लिहिलं, आता बोलणं छान स्पष्ट येतं. ऐकणारे वाढले. लोक जिथं कथा ऐकतात त्या ॲपवाल्यांनी आमची कथा वरच्या ओळीत आणून ठेवली. घरघर परत घालणं अर्ध्या तासाचं काम होतं. मी घातली नाही. कप्तानला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही, असं मी स्वतःला पटवत होतो. खरं कारण एवढंच, की कथा चालायला लागली होती.

यान चालू हाय का? चालू आहे. यान चालू हाय का? चालू आहे.

उन्हाळा लागला तेव्हा एका दुपारी त्याच्याकडे गेलो होतो. माझ्या मोबाईलवर नवा भाग लागला होता, वहिनी ऐकत होत्या. कप्तान सरकत जवळ आला आणि त्यानं मोबाईलच्या पाठीवर तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला. मग दुसरा हात ठेवला.

"बोलणं लागतंय हाताला," तो म्हणाला. "खालचं न्हाई लागत."

"बारीक आहे आवाज," मी मोठ्यानं म्हणालो.

"मला बी न्हाई आला, भावजी, तसला आवाज," वहिनी सहज बोलून गेल्या. ते त्याच्यापर्यंत पोचलं नाही. तो पटकन उठला, आत गेला. फ्रीजला हात लावला. परत आला, फरशीला लावला, मग पुन्हा मोबाईलला. मग दोन्ही तळवे त्यानं माझ्यासमोर धरले.

"लेखक, हात बी चालला का रं माझा?"

त्याला माझा संशय आलाच नव्हता. मी चालू आहे म्हणतो म्हणजे चालू आहे, तर मग बिघाड त्याच्याच हातात. मला आयुष्यात तेवढी भीती कधी वाटली नाही. वहिनी माझ्याकडे बघत होत्या. मी त्याचे हात धरले आणि त्याच्या यंत्राच्या कानात ओरडून सांगितलं, "हात बरा आहे तुझा! यान बंद आहे! दिवाळीपासून बंद आहे!"

आधी तो खाली बसला. "मग हात हाय," तो म्हणत राहिला, "हात हाय माझा." वहिनींनी पाणी आणलं. ते प्याला. रागाचा एक शब्द नाही. मी तो शब्द यायची वाट बघत होतो. बऱ्याच वेळानं तो हळू आवाजात म्हणाला, म्हणजे त्याच्या मानानं हळू, खोलीत ते घुमलं, "दिवाळीपासनं बंद हाय, आन आतलं एक माणूस उठलं न्हाई?"

महिन्याभरानं तो साताऱ्याची खोली सोडून बायको-पोरीसह आटपाडीला गेला. कारखान्यानं त्याला दुसरं काम देऊ केलं होतं, पण चहूकडून गाड्या येणाऱ्या गावात त्याला आता राहवेना. मी स्टँडवर गेलो होतो. पोरगी त्याचा हात घट्ट धरून मागच्या बाजूला बघत उभी होती, बस येतेय का ते. मी एका कागदावर 'माफ कर' असं लिहून नेलं होतं. त्यानं ते वाचलं, घडी करून परत माझ्या हातात दिलं.

"ते ऱ्हाऊ दे," म्हणाला. "पुढचा भाग लिही. त्यांला उठव आधी. घरघर घालून मिटवू नगंस. बंद हुती, हे त्यांला कळू दे."

"कोण सांगणार त्यांना?" मी खुणेनं विचारलं.

"तूच की. दुसऱ्या कुणाला म्हाईत हाय?"

तेव्हापासून मी एकही भाग काढलेला नाही. लोक विचारतात, पुढे काय झालं. यानाचा नकाशा टेबलावर आहे, कोण कुठं झोपलंय ते मला तोंडपाठ आहे. मी आत जातो, पोटातल्या पोरांपाशी उभा राहतो, बायांपाशी उभा राहतो, कडेच्या म्हातारीपाशी जातो. हाक मारणं काहीच अवघड नाही. पण उठल्यावर त्यांच्यातलं कुणीही पहिल्यांदा एकच गोष्ट विचारणार, तुला कधीपासून माहीत होतं. तीनशे माणसं आहेत. त्यांतलं पहिलं कोण जागं होईल, याची मला भीती वाटते.