वादळभाऊ

इंदापूरची मुनिरा लोणी देवकरच्या कारखान्यात पॅकिंगला होती. जेवणाच्या सुट्टीत डबा आटोपला की ती मोबाईलवर लढाईचा गेम खेळायची. काटेवाडीचा दीपक आणि त्याचे दोन मित्र तिच्या गटात होते. गेममध्ये तिचं नाव 'वादळ', आणि बोलणं फक्त लिहून. त्यामुळं ते तिला वादळभाऊ म्हणत आणि तिच्याच सांगण्यावरून लढत.

एकदा दीपकच्या पाठीमागं शत्रू दिसला. लिहायला सवड नव्हती, म्हणून तिनं माइक सुरू केला. "दीपक, मागं बघ."

मग दीपकनं विचारलं, "ताई, भावाचा मोबाईल हाय का?"

"न्हाय. रोज मीच खेळते."

"मग तुमी मागं थांबा. आमी हाय की."

तिघंही तिच्या पुढ्यात येऊन उभे राहिले. तिला नेमच धरता येईना. बघता बघता चौघंही गारद झाले.

"बाईमाणूस आलं की असंच व्हतं," दीपक म्हणाला. ती काही बोलायच्या आत त्यानं तिला गटातून काढून टाकलं.

संध्याकाळी त्याचा निरोप आला, 'ताई, वादळभाऊला खेळायला पाठवा.'

'मला भाऊच न्हाय,' तिनं लिहिलं.

त्यानं नुसतं हसरं तोंड पाठवलं.

दुसऱ्या दिवशी तिनं नवा गट शोधला. माइक बंदच ठेवला, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.