काशिरामची पाच वाजताची रात्र

उलव्याच्या एका सात मजली इमारतीत रात्र रोज संध्याकाळी पाच वाजता पडायची. सगळ्या इमारतीत नव्हे, तिसऱ्या मजल्यावर, काशिरामच्या मागच्या खोलीत. बाहेर विमानतळाच्या बाजूने डंपर धुरळा उडवत धावत असत, खाली पोरं क्रिकेट खेळत असत, आणि वर काशिराम खोलीचं दार लावून बायकोला दटावत असे, "हलू बोल. आत रात झालीय."

मैना कपाळाला हात लावायची. पण हळू बोलायची.

काशिरामने उभी हयात बंदरात रीफर कंटेनरांच्या सोबतीत काढली. रीफर म्हणजे मासळी, द्राक्षं, औषधं गार ठेवून नेणारे कंटेनर. ते यार्डात उभे असेपर्यंत त्यांना वीज लावायची आणि एखादा बंद पडला की सगळं सोडून धावायचं, हे याचं काम. बाप-आजे होडीवाले, हा एकटाच वायरींच्या नादी लागला आणि त्याबद्दल त्याच्या आईने, गोदूने, त्याला शेवटपर्यंत टोमणे मारले. निवृत्त झाल्यावर माणसं देवदेव करतात. काशिराम चांगला चालणारा पंखा खोलून बसायचा.

गव्हाण गावातल्या जुन्या घराच्या अंगणात गोदूची पिवळी शेवंती होती. नात समृद्धी लहान असताना तिच्या केसांत फूल खोचत गोदू चारचौघांदेखत म्हणाली होती, "हिच्या लग्नाची वेनी माज्या शेवंतीची. इकतची नाय." पुढे गोदू गेली. अंगण भावाभावांच्या वाटण्यांत गेलं. काशिरामच्या वाट्याला उलव्याचा फ्लॅट आणि शेवंतीच्या काही कुंड्या आल्या.

आता शेवंती फुलते थंडीत, आणि समृद्धीचं लग्न ठरलं मे महिन्यात. नवरदेव प्रितम मालवाहू बोटीवर, त्याला सुट्टी मिळणार ती तेव्हाच.

"जाऊ दे ना बाबा," समृद्धी म्हणाली, "वेणी काय, कुठेही मिळते."

ती सहज म्हणाली, पण म्हणताना तिने बापाकडे बघितलं नाही. काशिरामच्या काळजात ते रुतून बसलं. बापाची होडी त्याने राखली नव्हती. आईचा शब्द तरी राखायलाच हवा होता.

नवीन पनवेलला रोपवाटिका चालवणाऱ्या वसुंधराबाईंना त्याने गाठलं. त्यांनी समजावलं, "शेवंतीला कॅलेंडर कळत नाही, तिला रात्र कळते. रात्र मोठी झाली की ती कळी धरते. आधी भरपूर उजेड देऊन झाडं वाढवा, मग दिवस आखूड करा. आणि खोली गार ठेवा, आपल्या उन्हाळ्यात ती रुसून बसते."

काशिरामला हसूच फुटलं. खोली गार ठेवायची आणि वेळेवर बटण दाबायचं! आयुष्यभर दुसरं केलं काय होतं?

झालं. मागच्या खोलीत कुंड्या, खिडकीला काळा कागद, त्यावर जाड पडदा. छताला दिव्यांच्या चार रांगा. भाच्याकडून आणलेला जुना एसी. आणि या सगळ्यांचा मुकादम म्हणून भिंतीवर पत्र्याचा बॉक्स: आत एक टायमर, प्रत्येक रांगेला वेगळा फ्यूज, वेगळा कॉन्टॅक्टर, म्हणजे टायमरच्या इशाऱ्यावर आपोआप लागणारा-सुटणारा दणकट स्विच, आणि बॉक्सला पक्कं अर्थिंग. पहिल्या दिवशी उत्साहाच्या भरात त्याने सगळं एकदम चालू केलं आणि घराचा एमसीबी पडला. स्वयंपाकघरात मैनाचं वाटण मिक्सरमध्ये अर्धवट राहिलं. ती काय बोलली ते लिहिण्यासारखं नाही. यार्डात सगळे कंटेनर एकदम सुरू करायचे नसतात, हे नव्या पोरांना ओरडून शिकवणारा माणूस स्वतःच्या घरी नेमकं तेच विसरला होता.

मग त्याने एकेका रांगेला थोड्या उशिराने चालू होणारा रिले लावला. पहिली रांग, मग दुसरी, तिसरी, चौथी, आणि सगळं स्थिरावलं की एसी. टक्, टक्, टक्. तो आवाज ऐकायला काशिराम रोज सकाळी चहाचा कप घेऊन दाराशी उभा राहायचा. बॉक्सवरच्या इंडिकेटरच्या बारक्या दिव्यांवरसुद्धा त्याने काळी टेप चिकटवली. रात्र म्हणजे रात्र!

महाशिवरात्रीला त्याने टायमर फिरवला. सकाळी सातला दिवस, संध्याकाळी पाचला रात्र.

होळी झाली. पाडव्याची गुढी उभी राहून उतरली. झाडं कशी हिरवीगार, पानापानांनी मातलेली, आणि कळी म्हणाल तर औषधालाही नाही.

काशिरामची झोप उडाली. त्याने बॉक्स खोलला, प्रत्येक स्क्रू आवळला, कॉन्टॅक्टर घासले, टायमर घड्याळाशी लावून पाहिला. सगळं चोख. मग त्याने खताला शिव्या दिल्या, टाकीच्या पाण्याला दिल्या. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथे तर अंगणच नव्हतं. मैनाने विचारलं की तो म्हणायचा, "येतील, येतील," आणि तिची नजर चुकवायचा. पत्रिका छापून आल्या होत्या. त्या हातात घेताना त्याला आईचं तोंड आठवायचं.

शेवटी त्याने वसुंधराबाईंना फोन केला.

"रात्री आत पूर्ण अंधार असतो ना?" त्यांनी विचारलं.

"मिट्ट."

"आत बसून पाहिलंय?"

नव्हतं पाहिलं. पाचनंतर तो कुणाला दार उघडू देत नव्हता, मग स्वतः तरी कसा जाणार? त्या दिवशी पाचच्या आधी तो स्टूल घेऊन आत बसला. टक्, टक्, टक्. रात्र झाली. आधी काहीच दिसेना, तेव्हा तो खूश झाला. मग डोळे सरावले आणि त्याला स्वतःचा हात दिसला. मग कुंड्या दिसल्या, मग पानं, पानांच्या शिरासुद्धा. सगळं तांबूस. त्याने मान वळवली. पूर्वेच्या भिंतीवर, कुंड्यांच्या अगदी डोक्यावर, एकवीरा आईच्या तसबिरीखाली तांबडा झिरोचा बल्ब तेवत होता.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! तो बल्ब त्यानेच जोडला होता, तोही मुद्दाम वेगळ्या लाइनवर, कधी बंद पडू नये म्हणून. देवाचा दिवा टायमरवर कशाला? इंडिकेटरला टेप लावणाऱ्या माणसाने देवाचा दिवा दिव्यांत धरलाच नव्हता.

"तांबडा?" वसुंधराबाई फोनवर जवळजवळ ओरडल्याच. "अहो, रात्रीचा तांबडा उजेड म्हणजे शेवंतीला दिवसच. आजपासून बंद करा. अजून वेळ आहे, पण जेमतेम."

बंद करा म्हणणं सोपं होतं. मैनाचं माहेर समुद्रकाठच्या करंजा गावचं. होडी समुद्रात असेपर्यंत देवापुढचा दिवा विझू द्यायचा नाही, हे तिने आईकडून घेतलं होतं. प्रितम बोटीवर होता, म्हणून हा दिवा होता. आणि देव दुसरीकडे न्यावा, तर गव्हाणहून येताना देव हलवला तेव्हा मैना दोन दिवस नीट जेवली नव्हती, हे काशिराम विसरला नव्हता. आईचा शब्द एका बाजूला, बायकोचा दिवा दुसऱ्या बाजूला. तो कितीतरी वेळ पंख्याखाली घाम पुसत बसला.

अखेर त्याने एका दमात सगळं सांगून टाकलं. मैनाने ऐकून घेतलं. मग पदर खोचला, खोलीत गेली, हात जोडले आणि तसबीर छातीशी धरून बाहेर आली.

"आवो, बघत काय बसलाव? हॉलात खिला ठोका."

"तुला वाईट नाय वाटनार? गव्हानला रडलेलीस."

"त्या वक्ताला घर सुटत व्हतं, म्हनून रडले. आता पोरीचं लगीन हाय. आई काय आपल्यावर रुसतेय? दिवा हितंही पेटंल. झाडांना जरा निजू द्या."

काशिरामचा जीव भांड्यात पडला. इतक्या घाईने त्याने आयुष्यात कधी खिळा ठोकला नव्हता.

त्यानंतर मागच्या खोलीत खरीखुरी रात्र पडू लागली. एप्रिलच्या मध्यावर एका सकाळी, टक्, टक् झाल्यावर, त्याला पानांच्या बेचक्यात मोहरीएवढं काहीतरी दिसलं. त्याने चष्मा पुसला. परत पाहिलं. मग मैनाला अशी हाक मारली की शेजारचे धावत आले.

कळ्या मात्र निवांत होत्या. लग्न दोन दिवसांवर आलं तरी अर्ध्या मिटलेल्याच, जणू मुहूर्त त्यांचा नव्हताच. आणि मग आदल्या दिवशी, बघता बघता, उमलल्या. पिवळ्याधमक, गोदूच्या.

लग्नाच्या सकाळी काशिराम गुपचूप फ्रिजपाशी गेला. त्याने एक पाप केलं होतं: पाडव्याच्या त्या वाईट दिवसांत पनवेलच्या फुलवाल्याला एक वेणी सांगून ठेवली होती, आणि ती काल येऊन पडली होती. कुणी बघायच्या आत हलवावी म्हणून त्याने हात घातला, तर हाताला केळीच्या पानाच्या दोन पुड्या लागल्या.

"दुसरी माझी आहे, बाबा." मागे समृद्धी उभी होती, हळदीच्या अंगाने. तिचे डोळे भरले होते. "वाटलं, नाही फुललं तर तुम्ही मनाला लावून घ्याल. मी सांगणार होते की मला बाजारचीच हवी होती."

तेवढ्यात मैना आली, तिने कोथिंबिरीची जुडी बाजूला केली आणि खालून तिसरी पुडी काढली.

"मंग काय," ती म्हणाली, "पोरीला मोकल्या केसांनी बोहल्यावर धाडू?"

तिघं एकमेकांकडे बघून अशी हसली की पाहुणे स्वयंपाकघरात डोकावू लागले. महिनोन् महिने तिघांनाही भीती होती, आणि तिघांनीही ती एकमेकांपासून लपवली होती. बाजारच्या तीन वेण्यांपैकी एक एकवीरा आईच्या तसबिरीला गेली, एक वसुंधराबाईंनी माळली, आणि तिसरी मैनाने मागच्या खोलीतल्या पत्र्याच्या बॉक्सवर नेऊन अडकवली.

मग तिने घरच्या शेवंतीची, पहाटे गुंफलेली वेणी घेतली, लेकीला पुढ्यात बसवलं आणि अंबाड्याभोवती ती माळता माळता, सासूच्या अगदी त्याच ठसक्यात म्हणाली, "इकतची नाय."

काशिराम दाराशी उभा होता. तो तोंड फिरवून हमसून हमसून रडला, आणि त्याला फार बरं वाटलं.