चेरीचं लग्न

सबंध खानदेशात चेरीची बाग लावणारा मी पहिला माणूस. शेवटचाही मीच.

आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. पुण्याहून शेतीची पदवी घेऊन दोंडाईच्याजवळच्या आमच्या गावी आलो तेव्हा गळ्यात हार होते आणि डोक्यात चेरी. (ती मी एका जाड पुस्तकातल्या रंगीत चित्रात पाहिली होती. आजही तेवढीच पाहिली आहे.)

"जागा कोणती देऊ?" नानांनी, म्हणजे वडिलांनी विचारलं.

"विहिरीजवळची."

ती जागा अक्काच्या वांग्यांची! अक्का माझी विधवा आत्या. पुण्यातल्या माझ्या खाणावळीचे पैसे त्या वांग्यांवरच निघाले होते. तरी तिने पदर खोचून स्वतःच वांगी उपटली.

नाना मात्र पक्के. "तुझी बाग जगू दे. शिकून माणूस शहाणा होतो असं दिसलं, तर सिंधूला धुळ्याच्या शाळेत घालू. नाहीतर तिचं लग्न उरकू."

सिंधू माझी धाकटी बहीण. ती दुसऱ्या दिवसापासून पहाटे उठून रिकाम्या खड्ड्यांनाच पाणी घालू लागली!

मग वाण निवडायला घरची सभा बसली. काळी चेरी की पिवळी? आणि कलम कोणत्या खुंटावर, म्हणजे खालच्या मुळाच्या झाडावर बांधलेलं, उंच वाढणाऱ्या की बुटक्या?

"उंच नको, पोरं चढतील," नाना म्हणाले.

"बुटकं नको, बकऱ्या खातीन," अक्का म्हणाली.

मी सुशिक्षित मार्ग काढला. सगळंच मागवलं!

थंडीत डोंगराकडच्या रोपवाटिकेतून रेल्वेने माल आला. एकाही झाडाला पान नव्हतं. कलमाच्या जोडावर चिंध्या गुंडाळलेल्या नुसत्या काड्या! स्टेशनावर आमचा गाडीवान पोट धरून हसला. "भाऊ, काड्याच जोयजे व्हत्यात, ते मना तुरीना वावरमाथून लयी जाता!"

पण फाल्गुनात काड्यांना पालवी फुटली. गाव बघायला लोटलं. मी उभ्या उभ्या व्याख्यान दिलं. चेरीचं एकटं झाड फळ धरत नाही, काळीशेजारी पिवळी लागते, दोघी एकदम फुलाव्या लागतात वगैरे. सगळ्यांनी माना डोलावल्या. अक्काने जरा जास्तच डोलावली.

चैत्रात मी कामासाठी धुळ्याला गेलो. परत येतो तो बागेत वाजंत्री! काळ्या चेरींना मुंडावळ्या, पिवळ्यांना हिरवे खण, मधे अंतरपाट! सजावटीखाली झाडाचं पान दिसेना! साऱ्या बुंध्यांना हळद फासलेली, मुळाशी हळदीच्या पाण्याची तळी!

"अक्का, हे काय?"

"तूच सांगं ना, एकटं फयत नही म्हनीसन? लगन लाई दिधं!"

"आणि जोडावरच्या चिंध्या?"

"नवरदेवले कोनी फडकं बांधीसन उभं करस का?"

आठवड्यात वऱ्हाड गेलं, मुंडावळ्या-खण उतरले आणि नवरा-नवरी सगळे काळे पडून वाळलेले दिसले. नानांनी मला पारावर उभं केलं. "बोला, पदवीधर!"

सिंधू झाडाआड रडत होती. तेवढ्यात अक्का पुढे आली. "पोऱ्याले बोलू नका. त्यानी बाग झकास व्हती. मीच हयदनं ऊन पानी टाकं, बठ्ठी बाग शिजाडी टाकी!"

गाव हसलं, नाना कपाळ बडवत हसले, आणि माझी पदवी वाचली. जूनमध्ये सिंधू धुळ्याच्या शाळेत गेली.

तिला पोचवून येताना मी बैलगाडीत हळूच म्हणालो, "अक्का, निदान पाणी निवू द्यायचं होतंस."

"येडा! चैतना उन्हमा पानी कोन तापाडस? थंडंच व्हतं."

"मग झाडं?"

"त्या ते लगनना आधीच मरी जायेल व्हत्यात. म्हनीसन ते लगन लायं!"

सिंधू पुढे मास्तरीण झाली. विहिरीजवळ पुन्हा वांगी डोलू लागली. सिंधू सुट्टीत आली की अक्का भरीत करी आणि भाजलेली वांगी सोलायला मला बसवी. घरातला शेतीचा पदवीधर म्हणून शेतमालाला हात लावायची मला तेवढीच परवानगी होती. तीही माल पूर्ण मेल्यावर!