सुमनच्या पाटीवरचे ठिपके

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. छप्पन साली आमच्या घरानं धम्म घेतला, वडिलांनी देव्हारा बाहेर काढला. पुढे मी मास्तर झालो. कुणाच्या अंगात आलं की भर चौकात त्याची फिरकी घेणारा मीच... त्यामुळे हे लिहिताना लाज वाटते.

आणीबाणी उठली, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. गाव मालेगाव, वाशीमच्या रस्त्यावरचं. तेव्हा आम्ही अकोला जिल्ह्यात होतो. धाकटी बहीण सुमन एकोणीस वर्षांची. तिचा उजवा डोळा पुढे येऊ लागला होता, शेतात तण निंदायला वाकली की जास्तच. अकोल्याच्या डॉक्टरांनी मुंबईच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली.

निघायच्या आदल्या दुपारी ती पाटी घेऊन आली. पाटीवर खडूचे ठिपके — मधे दाट, कडेला विरळ, एक कड बाजूला ओढलेली, आणि दूर, कानशील येईल त्या बाजूला चार-पाच ठिपक्यांचा वेगळा पुंजका.

"दादा, डोया मिटला का मले हेच दिसते. डॉक्टरले दाखवजो."

"काहून? तुह्या अंगात येऊन राह्यलं का? लोकं हासतीन आपल्याले!"

मी बाहीनं पाटी पुसून टाकली. "तिथं बोलाचं ते मी बोलीन. तू गप राह्यजो."

आमच्याकडे बाईमाणसाचं दुखणं डॉक्टरला भाऊ नाहीतर नवराच सांगायचा. त्यात मला काही गैर वाटलं नाही.

मुंबईचे डॉक्टर म्हणाले, डोळ्यामागे रक्तवाहिन्यांची गाठ असावी. तपासायला तुकडा काढला तर रक्त थांबायचं नाही. म्हणून तिचंच थोडं रक्त घेतलं, त्यात किरणं सोडणारं औषध मिसळून परत शिरेत दिलं. मग तिच्या चेहऱ्यावरून एक यंत्र सावकाश फिरलं... टक्, टक्... जिथं रक्त साचलेलं, तिथं कागदावर दाट ठिपके.

डॉक्टरांनी कागद समोर धरला. तीच पाटी! तोच आकार, तीच एका बाजूला ओढलेली कड. फक्त कानशिलाजवळचा पुंजका नव्हता.

"आणखी कुठं काही जाणवतं का हिला? असेल तर पुन्हा बघू."

सुमननं माझ्याकडे पाहिलं.

"नाही," मी म्हणालो. पाटीचं सांगितलं तर हा मास्तर कसला, असं त्यांना वाटेल, एवढीच भीती होती मला.

ऑपरेशन झालं. वर्षभरानं कानशिलाच्या बाजूनं दुसरी गाठ वर आली आणि त्या डोळ्याची नजर गेली. आधी कळलं असतं तर डोळा वाचवता आला असता, असं डॉक्टर हळहळत म्हणाले. तेव्हाही पाटीचं मी सांगितलं नाही.

सुमन मानोऱ्याला नांदली, आता नातवंडं आहेत. परवा तिच्याकडे गेलो होतो. ती मान कलती करून डाव्या डोळ्यानं ज्वारी निवडत होती. इतक्या वर्षांनी धीर करून विचारलं, "सुमे, तुले ते ठिपके कसे दिसले वं?"

"मले काय मालूम, दादा?" तिनं सुपातला खडा बाहेर टाकला. "म्या त तवा तुह्याकडं पाह्यलं होतं. मले वाटलं, आता तरी दादा सांगीन."

ते ठिपके तिला कसे दिसले, हे मला आजही ठाऊक नाही. जाणत्या डॉक्टरांना विचारलं, त्यांनाही सांगता आलं नाही. मी 'नाही' का म्हणालो, ते मात्र ठाऊक आहे... आणि तिनं ते कधीच विचारलं नाही.