चाक ऐकणाऱ्या वन्सं

वन्सं चाक डोळ्यांनी पाहत नसत, ऐकत. मासे धरायच्या काठीला लावतात ती विलायती चरखी समोर आली की त्या डोळे मिटत, चाकाच्या कडेला करंगळीने हलकी टिचकी मारीत आणि मान जराशी कलती करून बसत. लाकडी चाक मधल्या पोलादी कण्यावर फिरत राही. आम्हाला काहीच ऐकू येत नसे. मध्येच त्या म्हणत, "अडतंय कुठेतरी," आणि खरोखरच कण्याच्या मुळाशी केसाएवढा गंज निघे. घाटावर मेलेला मासा दिसला तरी पदर नाकाला लावणाऱ्या या बाईला ही विद्या कशी साधली, याचे नवल मला त्या घरात आल्यापासून होते. आज त्यांचे दिवस होऊन गेले तरी ते सरलेले नाही.

त्या माझ्या यजमानांच्या थोरल्या बहीण. दहाव्या वर्षी कपाळ पांढरे झाले, तेव्हापासून लाल आलवणात काशीच्या याच घरी राहिल्या. ब्रह्माघाट आणि दुर्गाघाट इथल्या वैदिकांच्या घरी लागणारी जानवी त्या कातीत. त्यांच्या सुताला गाठ नसे, की कुठे जाड-बारीक नसे. यजमानांचे चौकात घड्याळदुरुस्तीचे दुकान. एकदा गोऱ्यांच्या छावणीतल्या एका इंजिनिअर साहेबांनी अडलेली चरखी तिथे टाकली. दोन दिवस खटपट करून ती सुधारेना, म्हणून यजमानांनी ती घरी आणली. वन्संनी दुरून पाहिली, मग जवळ येऊन चाक फिरवले आणि म्हणाल्या, "अरे बापू, ही तर टकळीच. फक्त आडवी निजवलेली."

त्यानंतर छावणीतून चरख्या येऊ लागल्या. नाव दुकानाचे, हात वन्संचे. हे आम्हा तिघांखेरीज कोणाला ठाऊक नव्हते आणि होऊनही चालणार नव्हते. ज्या बोटांनी मासेमारीची वस्तू हाताळली, त्या बोटांचे जानवे कोण गळ्यात घालील?

ओसरीच्या कोपऱ्यात त्यांचे काम चाले. आधी घासलेटात भिजवलेल्या चिंधीने कणा पुसायचा. मग घड्याळाचे तेल सुईच्या टोकावर घेऊन एकच थेंब. एकदा यजमानांनी घाईत दोन थेंब सोडले, तर त्यांनी सगळे पुसून काढायला लावले. "कण्याला तहान नसते, बापू. दुसरा थेंब म्हणजे चिखल." मळसूत्र इतकेच आवळायचे की चाक डगमगणार नाही आणि घासणारही नाही. शेवटी चरखी खुंटीला उभी बांधीत, चाकावर साधा दोरा घेऊन त्याच्या टोकाला सुपारीचे एक खांड अडकवीत आणि हात काढून घेत. त्या खांडाच्या भाराने चाक आपोआप फिरू लागले, तरच ती दुकानात जाई. पहिल्यांदा ते पाहिले तेव्हा माझ्या हातातले पुस्तक मिटले गेले. कोणी न ढकलता ते चाक असे सुरू झाले, जणू त्याला आत्ताच काही आठवले.

मग रेशमी दोर. मेण चोळून तो चाकावर घट्ट गुंडाळीत, एका वेढ्याला दुसरा अगदी चिकटून. मी कौतुकाने पाहत राहिले की म्हणत, "शिकलेल्या बाई, तुमच्या पोथीतल्या ओळी तरी इतक्या सरळ असतात का?"

एका कार्तिकात त्याच इंजिनिअर साहेबांनी चरखी परत पाठवली. दुकानात छान फिरते, पण धारेत अडखळते, असा निरोप होता. यजमान घाबरले. घड्याळांची गिऱ्हाइकेही त्याच छावणीतली. ते म्हणाले की आता हे काम बंद, एकही चरखी घरात येणार नाही. वन्संनी चाक फिरवले, ऐकले, पुन्हा फिरवले. दोष नव्हता. त्या दिवशी त्यांनी टकळीही हातात घेतली नाही. जेवणे झाल्यावर त्या भावाला म्हणाल्या, "इथे अडत नाही, पाण्यात अडते. मी पाणी पाहिलेलंच नाही. एकदा मला धारेवर ने, मग खुशाल बंद कर."

ठरले ते असे. यजमानांनी साहेबांसमोर स्वतः चरखी चालवून दाखवायची. आम्ही दोघी त्याच होडीतून पलीकडच्या तीरावर स्नानाला निघालेल्या, असे दाखवायचे. निघण्यापूर्वी वन्संनी दोराच्या टोकाचा गळ काढायला लावला. "मला मासा नको, धार हवी."

सकाळी मधल्या धारेत मल्लाहाने होडी स्थिर केली. दोन वल्ह्यांच्या अंतरावर साहेबांची होडी होती. यजमानांनी दोराला बांधलेला मोरपिसाच्या देठाचा तरंगता तुकडा, तरंग म्हणतात तो, पाण्यावर सोडला. चाक एकदम सुटले, दोरापेक्षा पुढे धावले आणि क्षणात हातात रेशमाचे घरटे झाले. मल्लाह हसू दाबत म्हणाला, "बाबूजी, ई त घड़ी ना ह." यजमानांचे कान लाल झाले. वन्संनी काठी त्यांच्या हातातून घेतली, गुंता सोडवला आणि तरंग पुन्हा पाण्यावर ठेवला. करंगळी चाकाच्या कडेवर. धरलेलीही नाही, सोडलेलीही नाही. तरंग धारेबरोबर निघाला, घाईत नाही की रेंगाळत नाही, रोजच्या वाटेने देवळाला निघालेल्या माणसासारखा. चाळीस-पन्नास हात गेला असेल. जन्मात पहिल्यांदा काठी धरलेल्या त्या बाईच्या हाताला सगळी नदी ऐकू येत होती, असे मला वाटले.

आणि तिथे तो अडखळला. एक बारीक हिसका, पुन्हा चाल, पुन्हा हिसका. वन्संनी डोळे मिटले. ओला दोर ताणला की वरचा वेढा खालच्या दोन वेढ्यांमध्ये रुतत होता. तेवढा घट्ट आणि सरळ तो गुंडाळलेला होता.

साहेबांनी हिंदुस्थानीत विचारले की ही चरखी बांधली कोणी. यजमान हात जोडून म्हणाले, "मैंने ही, हुज़ूर." माफी त्यांच्या ओठांवर होती. तेवढ्यात वन्सं बोलल्या. परक्या पुरुषासमोर त्यांचा आवाज मी प्रथमच ऐकला.

"नहीं साहब. गलती मेरी है. सूत मैंने लपेटा था. जनेऊ की तरह लपेट दिया."

मल्लाहाचे वल्हे थांबले. पाच वर्षांच्या उत्तम कामावर त्यांनी कधी नाव सांगितले नव्हते. सांगितले ते चुकीवर. पदर डोक्यावर ठीक करून त्यांनी सगळा दोर पाण्यात सोडला आणि होडीतच पुन्हा गुंडाळला, सैलसर, प्रत्येक वेढा आधीच्याला तिरका ओलांडणारा. या वेळी तरंग दिसेनासा होईपर्यंत गेला आणि एकदाही थबकला नाही. साहेब बराच वेळ पाण्याकडेच पाहत होते. मग ते मल्लाहाला म्हणाले, माईजी को बोलो, मेरी दूसरी चरखी भी आएगी.

आम्ही घाटाला लागण्याआधी बातमी लागली होती. दुसऱ्या दिवशी उंबऱ्यावर जानवी परत आली. पहिली आली ती ब्रह्माघाटावरच्या वृद्ध गुरुजींच्या घरून. वीस वर्षे त्यांच्या गळ्यात वन्संचे सूत होते. वन्संनी ती उचलली आणि गंगेत सोडून आल्या. मी रडले तर म्हणाल्या, "सूत माझं होतं, चूकही माझी. मग चूक सांगून काम करणारे हात कसे लपवायचे?" चरख्या येत राहिल्या. जानवी त्यांनी पुढे कातली ती फक्त भावासाठी.

या माघात त्या गेल्या. सुतक फिटले त्या दिवशी यजमान घाटावर जानवे बदलायला बसले. गुरुजी आता फार थकले आहेत, तरी तेच आले होते. यजमानांनी पुढे केलेले जानवे त्यांनी बोटांत फिरवून पाहिले. "अक्कांच्या हातचं," ते म्हणाले; वन्संना घाटावर अक्काच म्हणत. यजमान हो म्हणाले. गुरुजींनी विचारले, "आणखी आहे का एखादं?" यजमानांनी नाही सांगितले. मग गुरुजींनी मंत्र म्हटला.

हे सगळे यजमानांनी घरी येऊन मला सांगितले. पाणी प्यायले, भांडे खाली ठेवले.

"खोटं बोललो मी," ते म्हणाले. "डबीत तिच्या हातच्या जानव्यांची अजून एक जोड आहे."

संध्याकाळी पाहिले तर ते डबी घेऊन ओसरीत बसले होते. अंधार पडायच्या आत त्यांनी ती उपरण्यात गुंडाळली आणि गुरुजींच्या गल्लीकडे चालू लागले.